ऑफिसात कनेक्ट होतं, घरून होत नाही: रिमोट डेस्कटॉप नेमका कुठे अडतो?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मी तो नीट समजलोय की नाही ते तुम्हालाही कळेल. आठ माणसांचं ऑफिस, त्यात एक विंडोज सर्व्हर, त्यावर हिशेबाचं सॉफ्टवेअर आणि सगळ्यांच्या फाइली. तुम्ही आणि तुमचे भागीदार कित्येक दिवस घरून रिमोट डेस्कटॉपने, म्हणजे सर्व्हरचा पडदा दुरून आपल्या कॉम्प्युटरवर उघडून, त्यावर काम करत होतात. मग इंटरनेट कंपनीने राउटर बदलून दिला आणि तेव्हापासून घरून कनेक्ट होणं बंद झालं. ऑफिसात बसून मात्र व्यवस्थित होतं. नव्या राउटरवर पोर्ट फॉरवर्ड (बाहेरून ठरावीक क्रमांकाच्या दारावर, म्हणजे पोर्टवर, येणारं कनेक्शन सर्व्हरकडे वळवणारा नियम) करून झालाय, सर्व्हर दोनदा रीस्टार्ट झालाय, आणि कुणाच्या तरी सांगण्यावरून तुम्ही सर्व्हरची फायरवॉलही, म्हणजे नको ती कनेक्शनं अडवणारी व्यवस्था, बंद करून पाहिली आहे. आता विचारताय, कोणती सेटिंग राहिली?

फायरवॉल अजून बंदच असेल तर पुढचं वाचण्याआधी ती चालू करून या. का, ते पुढे येईलच.

एवढ्या माहितीवर कुठली सेटिंग राहिली ते मी सांगू शकत नाही, आणि कुणी छातीठोकपणे सांगत असेल तर तो अंदाज बांधतोय. घरच्या कॉम्प्युटरपासून सर्व्हरपर्यंतच्या वाटेत कनेक्शन कुठपर्यंत पोचतं आणि कुठे अडतं, हे आधी शोधायला हवं. ती जागा सापडली की सेटिंग बहुतेक वेळा आपोआप दिसते. जागा न शोधता बटणं दाबत सुटलं की आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असं होतं. वर दोन दिवसांनी कुठली बटणं मुळात कशी होती तेही आठवत नाही. म्हणून एक वही घ्या आणि आजपासून जे जे बदलाल ते वेळेसकट लिहा. मी हे काम करायला लागलो तेव्हा वही ठेवायचा मला कंटाळा होता. आता वहीशिवाय मी राउटरच्या सेटिंगच्या पानावर लॉगिनही करत नाही.

तपासाची सुरुवात सर्व्हरपासून करायची आणि बाहेरच्या दिशेने सरकायचं. बहुतेक लोक उलटं करतात. घरी बसून प्रयत्न करत राहतात आणि मिळणाऱ्या एका ओळीच्या निरोपावरून सगळं ताडायला बघतात. रिमोट डेस्कटॉपचा तो निरोप म्हणजे 'रिमोट ॲक्सेस चालू नाही, किंवा कॉम्प्युटर बंद आहे, किंवा तो नेटवर्कवर नाही'. तिन्ही शक्यता एकाच वाक्यात! त्यातून काही कळत नाही.

"ऑफिसात कनेक्ट होतं" हे तुम्ही सांगितलेलं वाक्य मला सगळ्यात मोलाचं वाटतं, पण त्याची जरा उलटतपासणी करू. कुठल्या मशीनवरून? आणि पत्ता कुठला टाकून? दुसऱ्या टेबलावरच्या कॉम्प्युटरवरून सर्व्हरचा आतला आयपी पत्ता (नेटवर्कवरचा आकड्यांचा पत्ता) टाकला, म्हणजे १९२.१६८ ने सुरू होणारा, आणि डेस्कटॉप उघडला, तर रिमोट डेस्कटॉपची सेवा चालू आहे, ती ३३८९ या पोर्टवर ऐकतेय, तुमच्या युजरला परवानगी आहे आणि पासवर्डही बरोबर आहे, हे सगळं एका फटक्यात सिद्ध झालं. या गोष्टींना आता हात लावायचं कारण नाही. पण ऑफिसातूनच बाहेरचा, म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता टाकून पाहत असाल, तर त्या चाचणीवर विसंबू नका. आतून बाहेर जाऊन पुन्हा आत वळणं काही राउटरना जमतं, काहींना नाही. त्यामुळे ते जमलं किंवा फसलं तरी घरून काय होईल ते कळत नाही. बाहेरची चाचणी खरोखर बाहेरूनच करायची. लॅपटॉपचं ऑफिसातलं वायफाय बंद करून तो मोबाइलच्या हॉटस्पॉटला जोडला की झालं.

चाचणीसाठी दर वेळी रिमोट डेस्कटॉपची खिडकी उघडू नका. पॉवरशेलमध्ये, म्हणजे विंडोजच्या कमांड लिहायच्या खिडकीत, 'टेस्ट-नेटकनेक्शन' (Test-NetConnection) ही कमांड आहे. तिला पत्ता आणि पोर्ट ३३८९ दिला की टीसीपी कनेक्शन (दोन्ही बाजूंनी आधी हात मिळवून जुळणारं) जुळलं की नाही ते ती खरं-खोटं स्वरूपात सांगते. मधे पासवर्ड नाही, प्रमाणपत्र (सर्व्हरची ओळख पटवणारी डिजिटल फाइल) नाही, काही नाही. पिंगवर, म्हणजे 'आहेस का?' एवढंच विचारणाऱ्या कमांडवर, मात्र भिस्त ठेवू नका. विंडोजची फायरवॉल पिंगला उत्तर न देता पोर्ट उघडा ठेवू शकते आणि उलटंही होऊ शकतं.

इथे एक बारीक गोष्ट सांगतो, कारण तिने मलाही पूर्वी फसवलंय. पुस्तकी नियम असा की 'कनेक्शन नाकारलं' असं लगेच उत्तर आलं तर मशीनपर्यंत पोचलो पण तिथे कुणी ऐकत नाही, आणि नुसताच वेळ संपला तर मधे कुणीतरी पाकीट, म्हणजे नेटवर्कवरून जाणारा माहितीचा तुकडा, गिळलं. विंडोजची फायरवॉल चालू असताना हा नियम लागू पडत नाही. ज्या पोर्टवर कुणी ऐकत नाही तिथलं नकाराचं उत्तरही ती दाबून टाकते. म्हणजे सेवा बंद असली तरी बाहेरून दिसतं ते 'वेळ संपला' एवढंच. त्यामुळे सर्व्हरसमोर बसून 'नेटस्टॅट' (netstat) ही चालू कनेक्शनं दाखवणारी कमांड चालवून ३३८९ समोर 'लिसनिंग', म्हणजे ऐकतेय, दिसतंय का, हे पाहिल्याशिवाय बाहेरच्या शांततेचा अर्थ लावायचा नाही.

आता तुमच्या मुख्य दुखण्याकडे. राउटर बदलला आणि बंद पडलं. राउटर बदलल्यावर चार गोष्टी गुपचूप बदलतात. तुमचं उत्तर त्यांतच असण्याची शक्यता मला सगळ्यात जास्त वाटते.

पहिली, सर्व्हरचा आतला पत्ता. सर्व्हरला राउटरकडून आपोआप पत्ता मिळत असेल तर नव्या राउटरने वेगळा दिला असेल. तुम्ही जुन्या आठवणीने किंवा जुन्या कागदावरून पोर्ट फॉरवर्ड केला असेल, तर बाहेरून येणारं कनेक्शन आता भलत्याच मशीनच्या दारात जातंय, कदाचित प्रिंटरच्या. सर्व्हरवर 'आयपीकॉन्फिग' (ipconfig) ही कमांड चालवा आणि तिथला पत्ता राउटरमधल्या नियमाशी एकेक आकडा लावून ताडून पाहा. जुळत नसेल तर तो जुळवा आणि सर्व्हरचा पत्ता कायमचा बांधून टाका.

दुसरी गोष्ट नेमकी उलट परिस्थितीतली, आणि मला ती फार आवडते, कारण ती हमखास चकवते. सर्व्हरवर पत्ता हाताने टाकलेला आहे आणि त्याबरोबर गेटवेही, म्हणजे बाहेर जायच्या दाराचा (राउटरचा) पत्ता, हाताने टाकलेला आहे. जुना राउटर समजा १९२.१६८.१.१ वर होता आणि नवा १९२.१६८.१.२५४ वर आहे. ऑफिसातली सगळी मशीन एकाच जाळ्यात असल्यामुळे त्यांना सर्व्हरशी बोलायला गेटवे लागतच नाही, म्हणून आत सगळं सुरळीत चालतं. बाहेरून आलेलं पाकीटसुद्धा नवा राउटर सर्व्हरपर्यंत इमानेइतबारे पोचवतो. पण सर्व्हर उत्तर पाठवतो जुन्या, आता अस्तित्वातच नसलेल्या गेटवेकडे. घरी बसलेल्याला वाटतं, सर्व्हर ऐकत नाही. सर्व्हर ऐकतोय, त्याचं उत्तर वाटेत हरवतंय. हे पकडायची सोपी युक्ती म्हणजे सर्व्हरवर ब्राउझर उघडून एखादी साइट लागते का पाहणं. नाही लागली तर गेटवे तपासा. जरा पक्का पुरावा हवा असेल तर बाहेरून प्रयत्न चालू असतानाच सर्व्हरवर नेटस्टॅट पाहा. ज्या बाहेरच्या पत्त्यावरून प्रयत्न करताय त्यासमोर 'सिन रिसीव्हड' (SYN_RECEIVED) अशी स्थिती अडकून पडलेली दिसली तर निमंत्रण आलंय, उत्तर परत जात नाही. आणि तिथे काहीच दिसत नसेल तर पाकीट सर्व्हरपर्यंत आलेलंच नाही, अडचण त्याच्या अलीकडे कुठेतरी आहे. (फायरवॉलने पाकीट अडवलं तरीही इथे काही दिसत नाही, तेवढं ध्यानात ठेवा. तिच्या गुणधर्मांत अडवलेल्या पाकिटांची नोंद ठेवायचा पर्याय असतो, तो चाचणीपुरता चालू करा.)

तिसरी, नाव. घरून तुम्ही आकडे टाकता की एखादं नाव? नाव टाकत असाल आणि ऑफिसचा इंटरनेटवरचा पत्ता अधूनमधून बदलणारा असेल, तर ते नाव ताज्या पत्त्याकडे वळवत ठेवायचं काम कुणीतरी करत होतं. पुष्कळदा ते काम जुना राउटरच करत असतो. तो काढून नेला आणि त्याच्याबरोबर हा गडीही गेला. नाव अजून जुन्या पत्त्याकडे बोट दाखवतंय. घरून 'एनएसलुकअप' (nslookup) या कमांडने त्या नावाचा पत्ता विचारा, ऑफिसातून 'माझा आयपी कोणता' सांगणाऱ्या एखाद्या साइटवर खरा पत्ता पाहा आणि दोन्ही ताडून बघा.

चौथी गोष्ट सगळ्यात कडू, कारण तिच्यावर तुमच्या हातात इलाज कमी असतो. राउटरच्या पानावर वॅन (WAN, म्हणजे राउटरची बाहेरची बाजू) किंवा इंटरनेट या शीर्षकाखाली एक आयपी पत्ता असतो. तो आणि 'माझा आयपी' साइटवर दिसणारा पत्ता एकच आहे का? वेगळे असतील तर तुमच्या राउटरच्या पुढे आणखी एक राउटर बसलाय. वॅनचा पत्ता १९२.१६८ ने सुरू होत असेल, १० ने होत असेल किंवा १७२.१६ ते १७२.३१ मध्ये असेल, तर एक शक्यता अशी की कंपनीच्या डब्यामागे तुमचा जुना वायफाय राउटर तसाच जोडलेला आहे आणि आता दोन राउटर एकामागे एक झालेत. मग एकाला ब्रिज मोडवर (आलेलं नुसतं पुढे पाठवण्यापुरतं) टाकायचं, किंवा दोन्हीकडे फॉरवर्ड करायचं. असा दुसरा डबा ऑफिसात कुठेच नसेल तर तो कंपनीकडे आहे. आणि वॅनचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ च्या दरम्यान असेल तर कंपनीने तुम्हाला सीजीनॅटमागे ठेवलंय, म्हणजे एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटलाय. हा पट्टा २०१२ साली खास याच कामासाठी राखून ठेवला गेला, त्यामुळे तो दिसला की शंकेला फारशी जागा नसते. अशा जोडणीवर तुम्ही राउटरमध्ये कितीही पोर्ट उघडा, बाहेरचं पाकीट तुमच्या राउटरपर्यंत येतच नाही. घराचं दार उघडं टाकलंय, पण इमारतीचं फाटक दुसऱ्याच्या ताब्यात आहे, अशातली गत. कंपनीकडे स्वतंत्र सार्वजनिक पत्ता मागा, बऱ्याच कंपन्या जास्तीचं शुल्क घेऊन देतात. किंवा पुढे सांगतो तो मार्ग धरा. त्यात या पत्त्याची गरजच पडत नाही.

या चारही गोष्टी तपासायला अर्धा तास पुरतो. सध्या फक्त बघा, काही बदलू नका. मला विचाराल तर तुमच्या वर्णनावरून गेटवे किंवा सीजीनॅट, दोन्हींपैकी एक. पण हा अंदाज आहे, तो पडताळायचं काम तुमचं.

आता ज्यासाठी हे एवढं लांबलचक लिहायला बसलो ते. कारण सापडल्यावर जे बंद पडलंय ते होतं तसंच पुन्हा सुरू करू नका. सर्व्हरचा ३३८९ पोर्ट थेट इंटरनेटवर उघडा होता आणि आजवर काही झालं नाही, असं तुम्ही म्हणाल, पण तो पुरावा मला पटत नाही. इंटरनेटवरचा प्रत्येक पत्ता कुणी ना कुणी यंत्राने सतत चाचपत असतं. सर्व्हरच्या सिक्युरिटी लॉगमध्ये ४६२५ क्रमांकाच्या नोंदी, म्हणजे फसलेली लॉगिनं, जरा मागे जाऊन पाहा. तुमच्या ऑफिसात कुणाचंच नसलेलं नाव, 'ॲडमिन', 'टेस्ट', 'स्कॅनर' वगैरे, रात्री-अपरात्री ओळीने दिसलं तर दचकू नका, पण दुर्लक्षही करू नका. मे २०१९ मध्ये ब्लूकीप नावाचं भगदाड उघडकीला आलं होतं. त्यात पासवर्डसुद्धा लागत नव्हता, पोर्टपर्यंत पोचता आलं की पुरे. विंडोज ७ आणि सर्व्हर २००८ च्या पिढीला ते लागू होतं, आणि प्रकरण इतकं गंभीर मानलं गेलं की मायक्रोसॉफ्टने २०१४ मध्येच आधार बंद केलेल्या एक्सपीसाठीसुद्धा दुरुस्ती काढली. ते भगदाड बुजलं, पण पुढचं केव्हा सापडेल ते तुमच्या-माझ्या हातात नाही.

'मग पोर्टचा आकडा बदलतो' हे उत्तर मला नेहमी मिळतं. आकडा बदलल्याने लॉगमधला गोंगाट कमी होतो, हे खरं. पण पोर्ट चाचपणाऱ्या यंत्राला ३३८९ च्या जागी दुसरा आकडा सापडायला कष्ट पडत नाहीत आणि आत बसलेली सेवा कुठली हे ती स्वतःच सांगते. फायरवॉल बंद करून पाहण्याबद्दलही हेच. ती बंद केल्याने फार तर एक शक्यता बाद होते, आणि त्या बदल्यात सर्व्हरवरची फाइल शेअरिंगसकट प्रत्येक सेवा त्या जाळ्यातल्या सगळ्यांना मोकळी होते. त्याच जाळ्यात एखादं बाधित लॅपटॉप असेल तर बघायलाच नको. फायरवॉलची शंका असेल तर फक्त रिमोट डेस्कटॉपचा नियम उघडून वाचा. तो कुठल्या प्रोफाइलला (नेटवर्कच्या गटाला) लागू आहे आणि त्याच्या स्कोपमध्ये, म्हणजे कुठून आलेल्यांना आत घ्यायचं त्या यादीत, काय लिहिलंय ते पाहा. नवा राउटर दिसला की विंडोज त्याला नवीन नेटवर्क समजतं आणि ते पब्लिक या गटात टाकू शकतं. स्कोपमध्ये 'लोकल सबनेट' (फक्त त्याच जाळ्यातली मशीन) असेल तर ऑफिसात चालेल आणि बाहेरून चालणार नाही, म्हणजे अगदी तुमच्यासारखंच लक्षण.

योग्य मार्ग व्हीपीएनचा, म्हणजे इंटरनेटमधून जाणाऱ्या खासगी बोगद्याचा. आधी घरून ऑफिसच्या जाळ्यात शिरायचं आणि मग आतल्या पत्त्यावर रिमोट डेस्कटॉप करायचं, जणू तुम्ही ऑफिसातच बसलाय. सार्वजनिक पत्ता मिळाला असेल आणि राउटरमध्येच व्हीपीएनची सोय असेल तर ती वापरा, नाहीतर वायरगार्ड हे व्हीपीएन सॉफ्टवेअर हलकं आणि मांडायला सोपं आहे. सीजीनॅटमागे असाल तर टेलस्केल किंवा झीरोटियरसारखं साधन घ्या. त्यात सर्व्हर आणि घरचा कॉम्प्युटर दोघंही बाहेरच्या दिशेने कनेक्शन करतात आणि मधे भेटतात, त्यामुळे बाहेरून आत यायला दार लागतच नाही. (टेलस्केल आपल्या मशीनना त्याच १००.६४ च्या पट्ट्यातले पत्ते देतं. म्हणून वरची सीजीनॅटची तपासणी राउटरच्या पानावरच करा, सर्व्हरवरचा पत्ता बघून नको. यावरून मी एकाशी फोनवर बराच वेळ वाद घातला होता आणि चूक माझीच निघाली.) बरीच माणसं बाहेरून येणार असतील तर रिमोट डेस्कटॉप गेटवे हा विंडोज सर्व्हरमधलाच भाग ४४३ पोर्टवरून सगळं नेतो, पण आठ जणांच्या ऑफिसासाठी मी त्याच्या वाटेला जाणार नाही. प्रमाणपत्रांची निगा राखायला माणूस लागतो.

व्हीपीएन मांडल्यावर दोन ठिकाणी ठेच लागते. पहिली, दोन्हीकडे तेच आकडे. तुमच्या घरचा राउटर १९२.१६८.१ वापरतो आणि ऑफिसचाही तोच. व्हीपीएन जुळतं, हिरवा दिवा लागतो आणि सर्व्हर तरी सापडत नाही, कारण घरचा कॉम्प्युटर १९२.१६८.१.१० ला आपल्याच घरात शोधतो. नाहीतरी राउटर नवा आहे, तर ऑफिसचं जाळं एखाद्या कमी वापरातल्या पट्ट्यावर न्या, उदाहरणार्थ १०.४७.१८. मात्र प्रिंटर आणि हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये जिथे जिथे सर्व्हरचा पत्ता लिहिलाय तिथेही तो बदलावा लागेल, म्हणून हे काम सुट्टीच्या दिवशी करा. आणि सर्व्हरच्या फायरवॉलमध्ये व्हीपीएनचा पट्टा घालायला विसरू नका, नाहीतर 'लोकल सबनेट'चं तेच नाटक पुन्हा.

दुसरी ठेच जास्त गमतीची. कनेक्ट होतं, पासवर्ड विचारला जातो, तो स्वीकारलाही जातो आणि मग काळा पडदा. थोड्या वेळाने तुटतं. लोक विंडोज दुरुस्त करायला धावतात. आधी कंट्रोल, आल्ट आणि एंड दाबून पाहा, कारण नेहमीचं कंट्रोल-आल्ट-डिलीट तुमच्याच कॉम्प्युटरला लागतं. टास्क मॅनेजर उघडता आला आणि त्यातून एक्सप्लोरर सुरू करता आला, तर दुखणं सर्व्हरवरच्या त्या सेशनचं, म्हणजे तुमच्या चालू लॉगिनचं, आहे. सी ड्राइव्ह गच्च भरलाय का तेही पाहून घ्या. पण काहीच प्रतिसाद नसेल तर मला पाकिटाच्या आकाराचा संशय येतो. साध्या इथरनेटवर एका वेळी १५०० बाइटचं पाकीट जातं. व्हीपीएनचं वेष्टण चढलं की आत जागा उरते कमी, वायरगार्डमध्ये सहसा १४२०. लॉगिनची बोलणी लहान पाकिटांत होतात म्हणून ती पार पडतात. पडद्याचं चित्र मोठ्या पाकिटांत येतं आणि वाटेत एखादं जरी उपकरण 'हे मोठं आहे' हा निरोप परत पाठवत नसेल, तर ती पाकिटं बिनबोभाट नाहीशी होतात. पिंगला एफ (-f) आणि एल (-l) हे पर्याय देऊन बघा. एफ म्हणजे तुकडे करू नकोस, एल म्हणजे आकार. १४२० च्या वाटेवर १३९२ जायला हवं, कारण वरचे २८ बाइट पाकिटाच्या मथळ्यांचे. ते जात नसेल तर आकडा कमी करत जा, कुठे जातं ते पाहा, त्यात २८ मिळवा आणि व्हीपीएनचा एमटीयू (पाकिटाचा कमाल आकार) तेवढा ठेवा.

चित्र येतं पण मधेच गोठतं, असं असेल तर संशय यूडीपीवर, म्हणजे पोचपावती न मागता पाकिटं पाठवण्याच्या पद्धतीवर. २०१२ च्या सुमारास आलेल्या आवृत्तीपासून रिमोट डेस्कटॉप टीसीपीच्या जोडीला यूडीपीही वापरतो. काही व्हीपीएनवर ते जमत नाही. क्लायंटच्या, म्हणजे घरच्या कॉम्प्युटरच्या, ग्रुप पॉलिसी या विंडोजच्या सेटिंगमध्ये यूडीपी बंद करायचा पर्याय आहे. तो लावून एक दिवस काम करून बघा.

कनेक्शन पोचतं पण आत घेत नाही, हा वेगळाच प्रकार. तो आज तुमचा नाही, पण व्हीपीएन लागल्यावर होऊ शकतो. ४६२५ च्या नोंदीत 'सब स्टेटस' म्हणून एक लांबलचक कोड असतो, त्याचं शेपूट वाचायला शिका. ६ए म्हणजे पासवर्ड चुकला. ६४ म्हणजे त्या नावाचा युजरच नाही. अशा वेळी नावाआधी सर्व्हरचं नाव आणि उलटी तिरपी रेघ घालून पाहा, कारण घरचा कॉम्प्युटर स्वतःचंच नाव पुढे चिकटवत असू शकतो. २३४ म्हणजे खातं लॉक झालंय, आणि पोर्ट बाहेर उघडा असताना ते वारंवार होत असेल तर कुणीतरी बाहेरून पासवर्ड ठोकून बघतंय. या नोंदी शोधताना लॉगिनचा प्रकार १० (रिमोट डेस्कटॉपचा) असेल असं गृहीत धरू नका. नेटवर्क लेव्हल ऑथेंटिकेशन चालू असताना फसलेलं लॉगिन प्रकार ३ (नेटवर्कवरून आलेलं) म्हणून नोंदलं जातं. ते ऑथेंटिकेशन बंद करा, असा सल्लाही मिळेल. ऐकू नका, पासवर्ड तपासून होईपर्यंत अनोळखी माणसाला सर्व्हरचा लॉगिनचा पडदासुद्धा दिसत नाही तो त्याच्यामुळे.

आणखी एक, तुम्ही आणि भागीदार दोघंच असता म्हणून आजवर जाणवलं नसेल. विंडोज सर्व्हर देखभालीसाठी एका वेळी दोनच रिमोट सेशन देतो. खिडकीची फुली दाबून निघून गेलं की सेशन संपत नाही, मागे तसंच चालू राहतं. तिसऱ्याला घ्यायचं असेल तर रिमोट डेस्कटॉप सेवेची भूमिका (सर्व्हरवर वेगळा बसवायचा भाग) आणि माणशी किंवा यंत्रामागे परवाने लागतात. परवाने न घालता ती भूमिका बसवली तर १२० दिवस सुरळीत चालते आणि मग एका सकाळी सगळ्यांना बाहेर ठेवते. बंद पडलेलं ऑफिस पाहायला मला बोलावतात तेव्हा कधी कधी कारण एवढंच निघतं.

हे सगळं दुरून करणार असाल तर एक सवय लावून घ्या. मी एकदा दुसऱ्या गावातल्या सर्व्हरवर फायरवॉलचा नियम नीटनेटका करायला गेलो आणि ज्या नियमावर मी स्वतः उभा होतो तोच काढला. पडदा गोठला. तिथे कुणालाच सर्व्हरचा पासवर्ड माहीत नव्हता, शेवटी प्रवास करून जावं लागलं. त्यानंतर फायरवॉल किंवा नेटवर्कला हात लावण्याआधी मी टास्क शेड्युलरमध्ये पंधरा मिनिटांनी जुना नियम परत लावणारं काम टाकून ठेवतो. बदल ठीक झाला की ते काम रद्द. नाही झाला तर चहा पिऊन परत येईपर्यंत दार आपोआप उघडलेलं असतं.

तर आता राउटरचा वॅन पत्ता 'माझा आयपी' साइटशी जुळतो का, सर्व्हरवरचा गेटवे कुठला आहे आणि तिथून इंटरनेट लागतं का, बाहेरून प्रयत्न करताना नेटस्टॅटमध्ये काय दिसतं, आणि घरून नाव टाकता की आकडे, एवढं मला कळवा. सार्वजनिक पत्ता लिहिताना शेवटचे दोन आकडे झाका. आणि व्हीपीएनवरून एकदा व्यवस्थित काम झालं की त्याच दिवशी राउटरमधला ३३८९ चा फॉरवर्डिंगचा नियम काढून टाका. काढल्यावर मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून टेस्ट-नेटकनेक्शन पुन्हा चालवा. या वेळी उत्तर 'खोटं' आलं पाहिजे.